कापड, धूळ, वारा

एकूण त्रेसष्ट निबंध आले.
विषय आम्हीच काढला होता, मोठ्या थाटात:
‘राजकीय भान असलेली आजची कला काय बदलू शकते?’
शब्दमर्यादा बाराशे.

साठ जणांनी लिहिलं, सगळं बदलू शकते.
दोघांनी लिहिलं, काहीच नाही,
पण इतक्या देखण्या भाषेत
की खातुनाने दहापैकी नऊ देऊन टाकले.

त्रेसष्टावा चिआतुराहून. हाताने लिहिलेला.
कडेला अंगठ्याचा काळा ठसा.
रुमालाने पुसायला गेलो, तर पसरला.

तातिया गोचोलेइश्विली, इयत्ता अकरावी, लिहिते:

आमच्याकडे मँगनीज निघतं.
नदी दुपारपर्यंत काळी होते, माणसं संध्याकाळपर्यंत.
दोन वर्षांपूर्वी तिबिलिसीहून एक कलाकार बाई आल्या.
चांगल्या होत्या. आमच्याकडे दोनदा जेवल्या,
मक्याची भाकरी मागून घेतली.
आमच्या इमारतीतून त्यांनी बारा पांढऱ्या चादरी नेल्या
आणि बंद पडलेल्या रोपवेच्या तारेवर
दरीभर टांगून ठेवल्या, चाळीस दिवस.
मग तशाच, न धुता, राजधानीत गॅलरीत लावल्या.
बघून लोक रडले, असं पेपरात होतं.
माझी आई रोज चादर वाळत घालते
आणि शिव्या देत रोज पुन्हा धुते.
त्याला काय म्हणायचं, ते तुमच्या विषयात बसत नाही.
पाटीवर लिहिलंय, कापड, धूळ, वारा.
कापड इआमझेचं, असं कुठे नाही.
काय बदललं विचाराल, तर
आमच्या घरात एक चादर कमी झाली.

बस. बाराशे राहिले, दोनशेही शब्द नाहीत.

प्रोफेसर झुराब म्हणाले, हा निबंध नव्हे, तक्रार-अर्ज आहे.
खातुना म्हणाली, मुलीला प्रतीक म्हणजे काय ते कळलेलं नाही.
मी चहात साखर ढवळत बसलो,
घातली नव्हती तरी.

कारण राजकीय कला मीही केलेली आहे.
लाल कापडावर पांढरी अक्षरं, मीटरच्या भावाने.
‘श्रमिकांचा विजय असो’ला नऊ मीटर लागायचे,
‘शांतता’ स्वस्तात पडायची.
ते कापड कोणी विणलं, कधी विचारलं नाही.
राजवट गेली, तेव्हा उरलेल्या ताग्याचे
बायकोने अभ्रे शिवले.
कितीही धुतले तरी रंग सुटायचा,
सकाळी आमचे गाल लाल,
जणू रात्रभर कोणी थोबाडीत मारत होतं.

भांडून भांडून उत्तेजनार्थ मिळवून दिलं तिला.
एक प्रमाणपत्र, एक जाडजूड चित्रांचं पुस्तक.

समारंभ त्याच गॅलरीत.
मायलेकी पहाटेच्या मिनीबसने आल्या.
भाषणं चालू असतानाच इआमझे उठली,
हातातली पिशवी न ठेवता
चादरींच्या रांगेतून निघाली, काठ बघत,
भाजीवाल्याकडे पेंड्या उलटून बघावी तशी.
सातव्या चादरीशी थांबली.
खालच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची रफू होती.
तिने त्यावर तळहात ठेवला. झाकल्यासारखा.

हात लावू नका, पहारेकरी ओरडला.

तिने हात काढला, बघितला, कोटाला पुसला,
आणि मीच इथला मालक असं समजून
हळूच मला म्हणाली,
‘एवढी माणसं बघणार हे ठाऊक असतं
तर रफू नसलेली दिली असती.’

उत्तर सुचेना.
तेवढ्यात पुस्तक काखेत धरून तातिया आली,
पाटी वाचली,
आणि माझ्याकडे पेन मागितलं.

मी दिलं.
मग पहारेकऱ्यापाशी गेलो, त्याचा खांदा धरून
खिडकीकडे वळवला,
विचारलं, थंडीत गुडघे कसे आहेत?

बराच वेळ सांगत होता.